गुरुवारची रेषा

नवरा खोटं बोलतोय हे बायकांना शर्टाच्या वासावरून कळतं, फोन वाजला की तो गॅलरीत जातो त्यावरून कळतं, शेजारीण एकाएकी फार गोड बोलायला लागली की हमखास कळतं. सविताला ते एका निळ्या रेषेवरून कळलं. फेब्रुवारीतला शेवटचा शुक्रवार होता. सकाळचे सव्वासात वाजले होते, ओट्यावर चहा उकळत होता आणि लॅपटॉप मायक्रोवेव्हवर ठेवून ती उभ्याउभ्या लोणावळ्याजवळच्या औंढ्याचे आकडे बघत होती. सकाळी उठून कुणी देवाला हात जोडतं, कुणी पेपर उघडतं. ही नऊ वर्षं रेडॉन वायू बघत आलेली. तिथल्या महिपती नावाच्या शेतकऱ्याच्या शेतातली खोली तिच्या संशोधन संस्थेनं घेतलेली; त्या बंद खोलीत एक यंत्र होतं, त्याची रेषा निळी. खोलीबाहेर खांबावर दुसरं, त्याची हिरवी. रात्र झाली की दोन्ही चढायच्या, पण निळी हिरवीच्या चौपट. पहाटे चारच्या सुमाराला ती इतकी वर गेलेली असायची की आलेख पुरायचा नाही. आज ती चढलीच नव्हती. रात्रभर हिरवीला चिकटून चालली होती, एका पांघरुणात झोपल्यासारखी. सवितानं चष्मा काढून गाऊनला पुसला, पुन्हा घातला. रेषा तिथंच. आणि मग तिला काल रात्री नऊला त्याच खोलीतून आलेला नवऱ्याचा, निलेशचा फोन आठवला, त्यातला शब्द न् शब्द. "गार आहे इकडं. दार-खिडकी घट्ट लावून पडलोय. पहाटे चारला नमुना घ्यायचाय, ठेवतो." चहा उतू गेला. गॅस बंद करायचं तिला बऱ्याच वेळानं सुचलं.

दार घट्ट लावलेल्या खोलीत रेषा अशी पडूच शकत नाही. हे सविताला जेवढं पक्कं माहीत होतं तेवढं स्वतःच्या रक्तगटाबद्दलही नव्हतं. रेडॉन मोटारीतून येत नाही, चुलीतून येत नाही, कारखान्याच्या चिमणीतून येत नाही. तो मातीतून येतो, खालच्या खडकातून, दिवसरात्र, साधारण एकाच चालीनं. त्याला रंग नाही, वास नाही, आणि चारेक दिवसांत निम्मा विरून जातो. म्हणून तर त्याला साक्षीला घेतलेलं. लोणावळ्यात सकाळी हवा घाण होते ती घाटातल्या गाड्यांनी, की नुसती रात्रभर हवा हलली नाही म्हणून, हे धुराला विचारून कळत नाही. धूर काय, कुणीही करतो. पण धुराबरोबर रेडॉनही वाढला असेल तर हवा कोंडली होती. रेडॉन जागच्या जागी आणि धूर तेवढा वाढला, तर कुणीतरी काहीतरी जाळलं. एवढं साधं. शाळेतली मुलं संस्था बघायला आली की सविता त्यांना हेच सांगायची, आणि शेवटी विचारायची, "काय मग, हवा कोंडली की कुणी जाळलं?" मुलं एका सुरात ओरडायची. बंद खोलीचं तर आणखी सोपं. दार बंद, तर जमिनीतून वर येणारा वायू साचत जाणार. साचला नाही, म्हणजे दार सताड उघडं. आणि फेब्रुवारीच्या थंडीत दार सताड उघडं टाकून कुणी आत झोपत नाही. म्हणजे आत कुणी नव्हतं. मग निलेश कुठं झोपला?

तिनं मागचे आठवडे उघडले. हा तिचा धंदाच होता. निलेशनं तिकडं जाऊन मोजायचं आणि हिनं इकडं बसून ते तपासायचं, अशी नऊ वर्षांची वाटणी. संस्थेत लोक कौतुकानं म्हणायचे, संसार आणि संशोधन एकाच तक्त्यावर चाललंय. जानेवारीच्या तिसऱ्या गुरुवारी रेषा पडलेली. चौथ्या गुरुवारी पडलेली. त्याच्या पुढच्या, त्याच्याही पुढच्या. कालचा धरून सहा गुरुवार. बाकीच्या दिवशी ती शहाण्यासारखी चढायची. गुरुवारी दुपारी एकदम बसायची, शुक्रवारी बसलेलीच, शनिवारी हळूहळू उठायची आणि रविवारी पूर्वपदावर. आता, शुक्रवारी निलेश सकाळी नऊला खोलीला कुलूप लावून निघतो, मग शुक्रवारी रात्री कुलूपबंद खोलीत रेषा खाली का, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या पोरानंही विचारला असता. सविताच्या डोळ्यांना तो दिसला होता, नाही असं नाही. पण ज्याला उत्तर सापडलेलं असतं तो उरलेला तक्ता कशाला वाचत बसतो? तिला उत्तर सापडलं होतं. त्या उत्तराचं वय अठ्ठावीस होतं, त्याच्याकडं निळी स्कूटर होती आणि त्याचं नाव उम्मेहानी.

उम्मेहानी डिसेंबरात संस्थेच्या लोणावळ्याच्या कामावर रुजू झाली. लोणावळ्याचीच, वडील रेल्वेत सिग्नलच्या कामावरून निवृत्त झालेले. मुलाखतीला ती आली तेव्हा सवितानंच तिला सगळ्यात जास्त गुण दिले होते, हे आता आठवून तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पोरगी मोठ्यानं हसायची, हसताना तोंडावर हात घ्यायची नाही. निलेश पहिल्या आठवड्यात घरी येऊन म्हणाला होता, "हुशार आहे हं." हुशार! हा शब्द त्यानं सवितासाठी एकदाच वापरला होता, एकोणीस वर्षांपूर्वी, लग्न ठरायच्या आधी, ग्रंथालयाच्या जिन्यात. त्यानंतर ती हुशार आहे हे घरात गृहीतच धरलं गेलं, जसं नळाला पाणी येतं हे गृहीत धरतात. आणि जानेवारीपासून निलेश बदलला होता. आंघोळ करताना गुणगुणायचा. जेवताना मध्येच स्वतःशी हसायचा आणि काय झालं विचारलं तर "काही नाही" म्हणायचा. शुक्रवारी संध्याकाळी घरी आला की त्याच्या हातांना लिंबाचा वास यायचा. तिनं एकदा विचारलंही होतं. तेव्हा तो म्हणाला, महिपतींकडं चहात लिंबू पिळून देतात. चहातलं लिंबू माणसाच्या मनगटापर्यंत कसं पोचतं, हे तिनं विचारलं नव्हतं. तिनं ते हात उशीवर, अंधारात, हुंगले होते. त्याच्या उजव्या हाताच्या अनामिकेचं टोक लहानपणी कडबाकुट्टीत गेलेलं. ते आखूड बोट ती लग्नानंतरची कित्येक वर्षं झोपताना मुठीत धरायची. कधी सोडलं ते आठवत नाही. लेक वेल्लोरला शिकायला गेली त्याच्याही आधी. आता दुसरं कुणी ते बोट धरतंय असं मनात आलं. मत्सर छातीत होतो म्हणतात. सविताला तो जिभेखाली झाला, कारल्यासारखा.

सोमवारी महिन्याचा तक्ता प्रमुखांकडं जायचा होता. त्यात शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. कुठला आकडा धरायचा, कुठला नाही, आणि का. सवितानं गार झालेला चहा एका घोटात प्यायला आणि सहा गुरुवारांपुढं सहा वेळा लिहिलं: दार उघडं, निरीक्षक खोलीत नाही. एवढ्यावर निलेशची फेरी जाणार हे तिला माहीत होतं. निरीक्षक रात्री खोलीत नसतो म्हटल्यावर प्रमुख चौकशी करणार, चौकशी झाली की चारचौघांत नाव निघणार. लिहून झाल्यावर तिला क्षणभर बरं वाटलं, खाज सुटलेल्या जागी नख लावल्यासारखं. मग तिनं ते साठवून ठेवलं, पाठवलं नाही. पाठवायच्या आधी तिला ती जागा बघायची होती. बघून काय मिळणार होतं? अंथरुणावरची सुरकुती? केसाची पिन? तिनं रजेचा निरोप टाकला, उम्मेहानीला फोन लावला आणि आवाज शक्य तितका कामाचा ठेवून म्हणाली, "आज येतेय. खोलीतलं यंत्र बघायचंय." तिकडून आवाज आला, "या की मॅडम! मी स्टेशनवर घ्यायला येते." जराही अडखळली नाही. तिची ती तयारी सविताला जास्तच झोंबली.

लोकल जवळजवळ रिकामी होती. कामशेतच्या पुढं कुठंतरी पुण्याकडं जाणारी गाडी धडधडत बाजूनं गेली आणि सविताला वाटलं, त्यात निलेश आहे. मळवलीला चढला असेल, खिडकीशी बसला असेल, हात मांडीवर. ती पटकन आत सरकली. चव्वेचाळीस वर्षांची बाई, पंधरा शोधनिबंध नावावर, आणि नवऱ्याला दिसू नये म्हणून गाडीत अंग चोरून बसलेली! तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. लोणावळ्याला उम्मेहानी पुलाखाली उभी होती, एक हेल्मेट डोक्यात, एक हातात. सविता तिच्या मागं बसली आणि पहिल्याच वळणावर तिला त्या मुलीचा खांदा धरावा लागला. ज्या खांद्याबद्दल सकाळपासून डोक्यात काय काय शिजलं होतं तो हाडकुळा निघाला. रस्ता औंढ्याकडं उतरत होता. दोन्ही बाजूंना भाताची मोकळी खाचरं, गवत वाळून पिवळं पडलेलं, लांब डोंगराच्या पायथ्याशी धुक्याचा एक मळकट पट्टा अजून बसून होता. हवा अजून उठली नाही, असं तिच्या डोक्यातल्या कामाच्या भागानं नोंदवलं.

"सरांना माहितेय का तुम्ही येताय ते?" उम्मेहानी वाऱ्यात ओरडून म्हणाली.

"नाही. का?"

"नाही, म्हणजे चुकामूक झाली ना. ते आत्ताच गेले असणार."

ते कधी जातात हे हिला बरोबर ठाऊक. सवितानं दात आवळले आणि त्या पाठीला विचारलं, "तू थांबतेस का गं गुरुवारी खोलीवर?"

"मी? नाही हो मॅडम. गुरुवारी मी पवनानगरला असते ना, तिकडच्या हवा ओढायच्या पंपाला. घाटात स्कूटर नेत नाही मी, आणि मागच्या वेळी पाचची जीप गेली माझी, मग अब्बांना गाडी घेऊन यावं लागलं. इतकं बोलले मला घरी जाईपर्यंत!" ती हसली. खांदा सविताच्या हाताखाली हलला.

पवनानगर. दर गुरुवारी. सह्या असतील, पंपाच्या वेळा असतील, ते सगळं सविताच्याच तक्त्यात होतं, तिनंच तपासलेलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट कुणीतरी हातातलं काढून घेतल्यासारखं वाटलं. सकाळपासून तिच्या संशयाला एक चेहरा होता, हसणं होतं, स्कूटर होती. आता तो उघड्यावर पडला. मग कोण?

महिपतींचं घर रस्त्याला लागूनच, खोली त्याच्या मागं खाचराच्या बांधावर. महिपती लांब खाचरात राब रचत होते: शेणाचा थर, त्यावर पाला, पेंढा, वर माती. भाताचं रोप टाकायच्या आधी तो भाजायचा. भाजायच्या आदल्या दिवशी ते न चुकता निलेशला फोन करायचे आणि निलेश न चुकता नोंद पाठवायचा, अमुक तारखेला राब भाजला, धूर त्याचा आहे. नऊ वर्षांत त्यानं गावातली एकही चूल नोंदवायची सोडली नव्हती. त्याच्याही आधी, लेक झाली त्या सकाळीसुद्धा, तो तेव्हाच्या दुसऱ्या केंद्रावर फिल्टर बदलायला गेला होता. कळा देताना सविता बाळंतपणाच्या खोलीत डॉक्टरला सांगत होती, येईल, आकडा चुकायला नको म्हणून गेलाय. डॉक्टर हसली होती. एकोणीस वर्षांत तिनं निलेशपायी कुणा बाईचा फार हेवा केला नव्हता, पण आकड्यांचा केला होता.

अंगणात शालूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या, महिपतींच्या घरधनीण, साठीच्या. उजवं मनगट जरा वाकडं बसलेलं. त्यांनी वर पाहिलं आणि ओळखलं.

"या की ताई! सायबांच्या मंडळी न्हवं? नऊ वर्सांनी पाय लागलं तुमचं. अन् सायब तर आत्ताच गेलं, आन् तुमी आला."

"खोली बघायचीय मावशी."

"बगा की. उगडीच हाये. कुलूप लावलं न्हाई म्यां, वाळूंदे म्हनलं जरा."

काय वाळू दे, हे विचारायच्या आधीच दारातून तो वास आला. ओला, हिरवा, गोठ्याचा. सविता नकळत एक पाऊल मागं सरली. उंबऱ्याशी चपला काढायची तिला आठवण उम्मेहानीनं करून दिली. आत यंत्राची पेटी पाटावर गुणगुणत होती, कोपऱ्यात गुंडाळलेली सतरंजी, भिंतीला निलेशची पिशवी टांगायचा खिळा. आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत जमीन. गडद, सपाट, अजून ओलसर, आणि तिच्यावर एकात एक अडकलेले अर्धगोल, हाताच्या पंजाचे, एका चालीनं, कुठंही न चुकता ओढलेले. सविता वाकली. प्रत्येक अर्धगोलात चार बोटांच्या चार रेघा असायला हव्या होत्या. तीन होत्या. चौथी, करंगळीशेजारची, पुसट, कुठं कुठं नव्हतीच.

ती तशीच वाकून राहिली. मग उंबऱ्यावर बसली.

"मॅडम, गुरुवारचे आकडे तुम्ही धरत नाही ना?" उम्मेहानी मागून म्हणाली. "ओल असते तोवर वायू वर येत नाही ना. वाळून बारीक भेगा पडल्या की मग येतो. मला आधी यंत्रच बिघडलंय वाटलं होतं. सरांना विचारलं तर ते म्हणाले, मॅडमना माहितेय."

मॅडमना माहीत होतं ते एवढंच, की नऊ वर्षांपूर्वीच्या अर्जात 'जमिनीचा प्रकार' या ओळीत निलेशनं 'कच्ची' लिहिलं होतं. कच्ची जमीन म्हणजे काय असते, ती आपोआप तशी राहत नाही, कुणीतरी गुडघ्यावर बसून ती पुन्हा पुन्हा करत असतं, हे मोझॅकच्या फरशीवर लहानाची मोठी झालेल्या सविताच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तिनं दाराचा विचार केला. खिडकीचा केला. बाईचा केला. पायाखालचा केला नाही.

"माझा हात मोडला संक्रांतीला," शालूबाई सूप खाली ठेवून सांगू लागल्या. "हितं लय धूळ झालती, मिशनीत जायाची. सायब म्हनले, मी सारवतो. म्यां म्हनलं, आवो तुमी कशाला, मोटी मान्सं. तर हसले. म्हनले, आमच्या आईच्या हाताखाली सारवलंय मी. आन् बसले की गुडगं मोडून! आता हात बरा झाला माजा, तरी बिस्तरवारी आले की आदी बादलीच मागत्यात. मी सनासुदीलाच सारवायची; दर हप्त्याला कशाला, म्हनलं म्यां. पर त्यास्नी आवडतंय. गानं म्हनत सारवत्यात."

"गाणं?"

"व्हय, गुणगुण आपली. आन् जाताना लिंबू मागत्यात हाताला चोळाया. वास जायला पायजे म्हनत्यात, घरी चालत न्हाई."

घरी चालत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी, लग्नानंतर चौथ्या दिवशी, भोरजवळच्या त्या घरी सविता नवी साडी नेसून पाटावर बसली होती. सासूबाईंनी तिच्यासाठी पहाटे उठून सगळं घर सारवलं होतं, कडेनं चुन्याची रेघ काढली होती. तो वास तिच्या नाकात गेला आणि ती ताटावरून उठली. निलेश मागोमाग अंगणात आला. तिनं हसत हसतच म्हटलं होतं, "शेणानं? हातानं? तू पण करायचास? ई! आधी हात धू." तो हसला होता. खरंच हात धुतले होते, कोरडे असताना. पुढच्या दिवाळीला गेले तेव्हा घरभर फरशी होती, पांढरी, निळ्या ठिपक्यांची. "सूनबाईला चालत न्हाई म्हून घातली," सासूबाई शेजारणींना अभिमानानं सांगत होत्या. त्यापुढच्या पावसाळ्यात त्या त्याच फरशीवर घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि पुढं दोन वर्षं खाटेवर काढून गेल्या. यावर घरात कुणी कधी एक शब्द बोललं नाही. सविताला वाटायचं, विसरलेत सगळे. तिनं तरी विसरायचं ठरवून विसरलं होतं.

"उंबऱ्याजवळचा तुकडा सकाळसाठी ठेवलाता, त्यो राह्यलाय," शालूबाई म्हणाल्या. "गाडीची येळ झाली म्हून तसंच गेलं. बादली हितंच हाये."

का कोण जाणे, सवितानं बाही वर सारली. उम्मेहानी "अहो मॅडम" म्हणाली तोवर तिचा हात बादलीत गेला होता. गार, दाट, मध्येच काडी लागणारं. तिनं ते जमिनीवर घेतलं आणि निलेशच्या शेवटच्या अर्धगोलाला जोडून आपला हात फिरवला. ढेकूळ झालं. पुन्हा फिरवला, तर खालची जमीन उघडी पडली. तिसऱ्या वेळी तिचा तळवा निलेशच्या रेघांवर गेला आणि त्या पुसल्या. वासानं डोळ्यांत पाणी आलं. निदान तिनं तरी ते वासानं आलं असं धरलं. शालूबाईंनी तिचं मनगट हलकेच धरून बाजूला केलं.

"ऱ्हाऊ द्या ताई. तुमास्नी न्हाई यायचं. त्यांचं कसं, आईचा हात हाये." आणि वाकड्या मनगटानं त्यांनी तो तुकडा दोन फटक्यांत सारखा केला.

परतीच्या गाडीत सविता हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती. तिनं लिंबू घेतलं नव्हतं. बाई असती तर बरं झालं असतं, असं तिला अगदी स्पष्ट वाटत होतं. बाईशी भांडता येतं. बाईपेक्षा आपण कशात कमी, कशात जास्त, हे मोजता येतं. चार पावलांच्या मातीच्या जमिनीशी काय भांडणार? ज्या माणसानं लेकीच्या जन्मापायी एक आकडा चुकवला नाही, त्यानं या जमिनीपायी सहा आठवड्यांचे आकडे वाया जाऊ दिले होते. जाणूनबुजून, गाणं म्हणत. ते गाणं कुठलं हेही तिला माहीत नव्हतं. शालूबाईला माहीत, यंत्राला माहीत, त्या पोरीलाही कदाचित माहीत. तिच्या वाट्याला लिंबाचा वास. हवा कोंडली की कुणी जाळलं? कुणी काही जाळलं नव्हतं. पुण्यातल्या त्या दोन बेडरूमच्या घरात वर्षानुवर्षं कुणी काडीसुद्धा ओढली नव्हती, नुसती हवा हलली नव्हती, एवढंच. हे कळल्यावर मत्सर निवायला हवा होता. तो निवला नाही. त्याला आता खरं घर मिळालं होतं, आणि त्या घराला फरशी नव्हती.

संध्याकाळी निलेश सोफ्यावर पेपर वाचत होता. "कुठं गेली होतीस? ऑफिसात नव्हतीस म्हणे."

"डोकं दुखत होतं. चालून आले." खोटं बोलणं इतकं सोपं असतं याचं तिला नवल वाटलं. ती त्याच्या शेजारून गेली. लिंबू. तिच्या स्वतःच्या हाताला अजून दुसराच वास होता. त्यानं मान वर केली, नाक किंचित हललं, काहीतरी विचारणार असं वाटलं. त्यानं पेपराचं पान उलटलं.

एक वाक्य बोलायचं होतं. मी बघून आले. किंवा, मला शिकव. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी दुपारी निलेश झोपला असताना तिनं तक्ता उघडला आणि सहाही खोटे शेरे खोडले. ते खोटे होते. शास्त्रज्ञ म्हणून ते ठेवता येण्यासारखे नव्हते. त्यांच्या जागी तिनं लिहिलं: गुरुवारी जमीन सारवली जाते. ओल असेपर्यंत वायू वर येत नाही. नोंदी धरू नयेत. यापुढे खोली सारवू नये. मग थोडा वेळ थांबून आणखी एक ओळ: आठवड्याची फेरी वार बदलून उम्मेहानीकडे द्यावी, त्या जवळच राहतात, प्रवास वाचेल. तिनं सगळं दोनदा वाचलं. एक अक्षर खोटं नव्हतं. आधीच्या खोट्यानं निलेशची अब्रू गेली असती; या खऱ्यानं फक्त त्याचा गुरुवार जाणार होता. कुणीही समंजस माणसानं हेच लिहिलं असतं, आणि आयुष्यात आपण याहून नीच काही लिहिलेलं नाही हेही तिला लिहिताना कळत होतं. का लिहिलं, यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. एकदा फरशी घातली होती. आता हे. तिनं पाठवलं.

मंगळवारी प्रमुखांचं पत्र दोघांना एकदमच आलं. निलेशनं ते जेवणाच्या टेबलावर फोनमध्ये वाचलं. खालपर्यंत गेला, पुन्हा वर आला, पुन्हा खालपर्यंत गेला. सविता आमटी वाढत होती.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

तिनं वाट पाहिली. तुला कसं कळलं, असं तो विचारेल. ती सांगेल. भांडण होईल, फरशीचं निघेल, आईचं निघेल, एकोणीस वर्षांचं सगळं बाहेर येईल आणि कदाचित घरातून एकदा वारा जाईल. त्यानं विचारलं नाही. ताट उचललं, सिंकपाशी गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला. हाताला काहीच लागलेलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सहा वाजता सविता उठली. चहा ठेवला, लॅपटॉप मायक्रोवेव्हवर उघडला. औंढ्याच्या खोलीतली निळी रेषा काल संध्याकाळपासून चढत गेली होती, अखंड, कुठंही न अडखळता, पहाटे चारला आलेखाच्या पार टोकाला जाऊन टेकली होती. पुस्तकात छापावी अशी रेषा. नऊ वर्षांतला सगळ्यात सुंदर गुरुवार. तिनं शेऱ्याच्या रकान्यात 'ग्राह्य' असं लिहिलं. मग कप हातात घेऊन ती लेकीच्या रिकाम्या खोलीपाशी गेली. निलेश बुधवारपासून तिथं, पाठ दुखते म्हणून, फरशीवर सतरंजी टाकून झोपत होता. दार लावलेलं होतं. ती बाहेर उभी राहिली, चहा गार होईपर्यंत. गुरुवारी रात्री तो कुठं झोपतो, हे आता तिला पक्कं ठाऊक होतं.